डॉपेलबॉकची चव: 'माल्टी'ला मराठीत काय म्हणायचं?

म्युनिकला येऊन सहा वर्षं झाली, आणि दरवर्षी ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ आला, इथल्या भाषेत 'श्टार्कबिअर'चा म्हणजे कडक बिअरचा मोसम लागला, की माझी एकच अडचण होते. घरून कोणी आलेलं असतं, समोर डॉपेलबॉकचा ग्लास असतो आणि त्या चवीबद्दल मराठीत बोलायला गेलं की गाडी 'मस्त आहे' वर अडते. यंदा मामेभाऊ आला होता. पहिला घोट घेऊन म्हणाला, 'गोड आहे की रे', दुसरा घेतला आणि म्हणाला, 'नाही, गोड नाहीये. मग काय आहे हे?' तेच विचारायला हा धागा काढलाय. इंग्रजीवाले 'माल्टी' म्हणून मोकळे होतात, जर्मन लोक 'माल्त्सिग' म्हणतात. आपण काय म्हणायचं?

ज्यांनी घेतली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉपेलबॉक म्हणजे बव्हेरियातली कडक लागर (थंडीत बरेच दिवस ठेवून तयार होणारी बिअर), अल्कोहोल साधारण ७ ते ८ टक्के, कधी जास्तही. रंग बहुतेकदा गडद तांबूस ते काळपट तपकिरी, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, कडूपणा नावापुरता, सगळा भर माल्टवर. सुरुवात इथल्याच पाउलानर मठातली. उपासाच्या दिवसांत साधूंना जेवण चालायचं नाही पण पातळ चालायचं, म्हणून पोटाला आधार देणारी दाट बिअर करायची. तिला 'पातळ पाव' म्हणायचे आणि मला वाटतं त्या नावातच अर्धं उत्तर आहे. आपल्याला जो शब्द हवाय तो मिठाईच्या दुकानात सापडणार नाही, भाकरीच्या तव्यावर सापडेल.

प्रतिसाद:
आधी 'माल्ट'चं बघू या. दाणे भिजवायचे, मोड आणायचे, मोड जरा वर आले की गरम हवेत वाळवून वाढ थांबवायची, झालं माल्ट. नाचणीसत्त्व करताना आई हेच करते, फडक्यात बांधून मोड, मग सावलीत वाळवण, मग हलकं भाजणं. त्यामुळे वस्तू आपल्याला परकी नाहीच, फक्त धान्य वेगळं. आणि चव म्हणाल तर हॉर्लिक्सच्या बरणीचं झाकण उघडलं की जो वास येतो ना, तो माल्टचाच वास आहे, त्यातही माल्ट केलेलं बार्लीच असतं. लहानपणी चमच्याने कोरडं खाऊन टाळूला चिकटवलेलं ज्यांना आठवतंय त्यांना 'माल्टी' समजावून सांगायला नको.

प्रतिसाद:
बार्ली कशाला, जव म्हणा, किंवा आपला जुना शब्द सातू. पण सातू म्हटलं की घोटाळा होतो हेही खरं, कारण आमच्याकडे सातूचं पीठ गहू आणि डाळवं भाजून करतात, त्यात सातू औषधालाही नसतो! धान्याचं नाव पिठाला चिकटलं आणि धान्य निघून गेलं. म्हणून 'सातूची बिअर' म्हटलं तर माझ्या आजीच्या डोळ्यांसमोर गूळ घालून कालवलेलं पीठ येईल. चवीपुरतं बोलायचं तर तेही फार चुकीचं नाही म्हणा, भाजल्याचा वास आणि मागे हलका गोडवा, पण धान्य म्हणून जवच लिहावं.

प्रतिसाद:
माझं मत 'खमंग'. सरळ, सगळ्यांना कळणारा शब्द.

धागालेखक:
खमंग माझ्याही मनात पहिला आला होता, पण मला तो इथे बसत नाही. खमंगात फोडणी आहे, तेल-तूप आहे, दाण्याचा कूट आहे. खमंग काकडी तर भाजलेलीसुद्धा नसते. खमंग म्हणजे नाकाला बोलावणारं, काहीही. मला भाजणं किती झालं ते सांगणारा शब्द हवाय आणि तो म्हणजे खरपूस. थालीपिठाची भाजणी करताना एकेक धान्य वेगळं भाजतो, एका क्षणी ज्वारीचा कच्चा वास जातो आणि दुसराच वास सुटतो, तिथे आच बंद करायची असते. तो क्षण म्हणजे खरपूस. अर्ध्या मिनिटाने करपट. आणखी जरा वेळ गेला की जळकं.

डॉपेलबॉक पारखताना हीच पायरी बघायची असते. रंग काळपट असला तरी चव खरपुसावर थांबली पाहिजे. फार तर कडेला चॉकलेटची किंवा कॉफीची पुसट छटा चालेल, पण कोळशासारखी जळकी चव आली तर ती दुसरी जातकुळी, स्टाउट नावाच्या काळ्या बिअरची. रंगावरून चव ठरवू नये हे मी इथेच शिकलो. 'म्युनिक माल्ट' जरा जास्त उष्णतेवर वाळवतात, त्यात भाकरीच्या पापुद्र्यावर जे तपकिरी डाग पडतात तीच रासायनिक क्रिया होते. तिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माय्यार यांचं नाव आहे, त्यांनी ती १९१२ मध्ये मांडली. शिवाय जुन्या पद्धतीत माल्ट आणि पाण्याच्या लगद्यातला काही भाग बाहेर काढून उकळतात आणि परत मूळ भांड्यात ओततात. या पद्धतीला 'डिकॉक्शन' म्हणतात आणि मराठीत डिकॉक्शन म्हणजे काढा. इथे तर खरोखर काढून उकळतात, त्यामुळे मला हा शब्द फारच आवडला. त्या उकळण्याने खरपूसपणा आणखी खोल होतो.

प्रतिसाद:
खरपूस मान्य. पण मग तुमच्या भावाला गोड का लागलं? गोडाचं काय करायचं?

धागालेखक:
गोड आहेच, नाही म्हणत नाही. यीस्ट सगळी साखर खात नाही, काही उरते, आणि कडूपणा कमी म्हणून ती जाणवते. पण गोडाचे आपल्याकडे किती प्रकार आहेत बघा. गोडमिट्ट वाईट, गुळचट त्याहून वाईट, हे दोन्ही डॉपेलबॉकचे दोष म्हणून वापरता येतील. चांगलीला मी काकवीसारखी म्हणेन. गुऱ्हाळात कढईतून उतरवलेली काकवी नुसती गोड नसते, तिला कढल्याची चव असते, जरासा तुरटपणा असतो. त्यात सुका मेवा आला, काळ्या मनुका, अंजीर, सुकवलेलं आलूबुखार. मात्र मळी म्हणू नका, साखर कारखान्यामागचा वास ज्याने घेतलाय तो ग्लास खाली ठेवेल.

प्रतिसाद:
एक विषयांतर. 'बॉक' म्हणजे जर्मनमध्ये बोकड ना? बोकड आणि बॉक, हे नातं आहे का काही?

धागालेखक:
बॉक म्हणजे बोकड हे खरं, पण बिअरचं नाव गावावरून आलंय. उत्तर जर्मनीतलं आइनबेक हे गाव कडक बिअरसाठी प्रसिद्ध होतं, बव्हेरियन तोंडात त्याचं 'आइनपॉक' आणि पुढे 'आइन बॉक' झालं, म्हणजे 'एक बोकड'. म्हणून लेबलांवर बोकड आले, आयिंगर ब्रुअरीच्या सेलेब्राटोर या डॉपेलबॉकच्या बाटलीच्या गळ्यात तर छोटा पांढरा प्लॅस्टिकचा बोकड लटकवलेला असतो. मराठी बोकडाशी इथे फक्त उच्चार जुळतो. आणि नावातला तो 'आटोर' हा शेवट पाउलानरच्या 'साल्वाटोर' या डॉपेलबॉकमुळे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तारणारा. १८९६ मध्ये त्या नावाची नोंदणी झाली, मग बाकीच्यांनी ऑप्टिमाटोर, माक्सिमाटोर, ट्रिउम्फाटोर अशी शेपूट जुळवलेली नावं घेतली.

'डॉपेल' म्हणजे दुप्पट, पण दुप्पट काही नसतं. आंबवण्याआधीच्या रसात विरघळलेला अर्क बॉकला किमान १६ टक्के लागतो आणि डॉपेलबॉकला १८. तेवढाच फरक.

प्रतिसाद:
'स्ट्राँग'ला कडक म्हणताय ते मला खटकतं. कडक चहा म्हणजे पत्ती जास्त, जीभ ओढणारा. हिचा तर कडूपणाही नावापुरता म्हणताय.

धागालेखक:
बरोबर पकडलंत. कडक फक्त अल्कोहोलपुरतं ठेवू या. तोंडातल्या भारासाठी 'भरीव' म्हणावं. 'जड' म्हटलं की पोटाला जड वाटतं, 'दाट' म्हटलं की दूध. भरीवच्या उलट पाणचट किंवा पचपचीत, यात काही वादच नाही. आणि अल्कोहोल छातीत ऊब देतो, घसा जाळत नाही. जाळत असेल तर तो दोष.

प्रतिसाद:
मग लागर? 'लागर्न' म्हणजे साठवणे, पण 'साठवलेली बिअर' म्हटलं की गोडाऊन आठवतं. मुरवलेली म्हणा ना. लोणचं मुरतं तशी.

धागालेखक:
हा शब्द मी उचलला! थंडीत आठवडे न् महिने ठेवतात तेव्हा दोन गोष्टी होतात, यीस्ट तळाशी बसून बिअर निवळते आणि चवीचे कोपरे जाऊन ती मुरते. दोन्ही क्रियापदं आपल्याकडे तयार आहेत. न मुरलेलीत कधी लोण्यासारखा वास येतो, आणि फार जुनी झालेली ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

काल रात्री सेलेब्राटोर उघडली, फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवून, कारण गार असताना नाकाला काहीच लागत नाही. वहीत पहिल्यांदाच सगळं मराठीत लिहिलं ते असं: काळपट तपकिरी, दिव्यासमोर धरली की कडेला डाळिंबी. फेस मळकट पांढरा, दाट, बराच वेळ टिकला. वास खरपूस भाकरीचा, मागून मनुका. पहिल्या घोटाला काकवी, मधे कॉफीची पुसट रेघ, गिळल्यावर गोडवा मागे रेंगाळत नाही, कोरडी संपते. भरीव, नीट मुरलेली. करपट अजिबात नाही.

भावाला पाठवलंय. त्याचं उत्तर आलं, 'हां, भाकरी. हेच म्हणायचं होतं मला.'