नकार शक्य नसताना दिलेला होकार

सांजवात :
फॅन फिक्शनमधील (चाहत्यांनी आवडत्या मालिका-कादंबऱ्यांची पात्रे घेऊन केलेल्या लेखनातील) शृंगारकथा म्हणजे केवळ चाळवणारे लेखन, हे मत मला मान्य नाही. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेच्या १९६७ मधील एका भागात व्हल्कन या परग्रहवासी वंशाच्या स्पॉकला ‘पॉन फार’ ही अवस्था येते. त्या काळात समागम झाला नाही, तर व्हल्कन पुरुष मरतो. मालिकेने तो पेच द्वंद्वयुद्धाने सोडवला. चाहत्या लेखिकांनी मात्र त्यातूनच एक अवघड प्रश्न उभा केला : मित्राचा जीव वाचवण्यासाठी त्याच्या कप्तानाने, कर्कने, समागमाला दिलेल्या होकाराला संमती म्हणावे काय, आणि भानावर नसलेल्या स्पॉकची संमती कोणी गृहीत धरली? यांतील चांगल्या कथा त्या रात्रीपाशी थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघांना एकमेकांच्या नजरेला नजर देता येते का, हे त्या पाहतात.

अनाहूत :
आपण वेचक कथांवरून अनुमान काढत आहात. मी वाचलेल्या अनेक कथांत जबरदस्तीचा दोष शरीरधर्मावर ढकललेला असतो, त्यामुळे कोणीच जबाबदार ठरत नाही. २०१० च्या सुमारास ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांत रुजलेल्या ओमेगाव्हर्स या कल्पित विश्वात तर वरचढ आल्फा आणि दुय्यम ओमेगा ही उतरंडच जन्मजात असते. सत्ता रक्तातच आहे असे एकदा मानले, की तिला जाब कोण विचारणार?

सांजवात :
हा आक्षेप रास्त आहे. तरीही ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅन फिक्शनच्या संकेतस्थळावर लेखिकेला बलात्काराचा इशारा कथेच्या माथ्यावर द्यावा लागतो, किंवा इशारे देणार नसल्याचे तरी सांगावे लागते, शिवाय ‘संदिग्ध संमती’ अशी खूण अनेकजणी आपणहून लावतात. नायकाच्या दांडगाईला प्रेम म्हणणाऱ्या छापील कादंबऱ्यांत एवढी कबुली मला आढळलेली नाही.

कोरा कागद :
खूण लावली म्हणजे चिकित्सा झाली, असे नव्हे. मला स्वतःला तहासाठी लावलेल्या विवाहांच्या कथा अधिक मोलाच्या वाटतात, कारण त्यांत पहिल्या रात्री जोडीदार थांबून विचारतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवादानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पत्नीशी पतीने केलेला समागम बलात्कार ठरत नाही. अशा देशात बसून वाचताना ते थांबणे मला साधे वाटत नाही.

अनाहूत :
तो विचारतो, कारण तो सज्जन आहे. म्हणजे सगळे पुन्हा त्याच्याच मर्जीवर आले. नकार दिला गेला, तह धोक्यात आला आणि तरीही तो नकार पाळला गेला, अशी कथा आपल्यापैकी कोणी वाचली असेल, तर कृपया सुचवावी.