मदत हवी आहे: प्रत्यक्ष मॉडेलवरून तैलरंगात देहचित्र, मधल्या छटा निर्जीव होतात

नमस्कार.

कोळशाने मॉडेलवरून रेखाटनं बरीच वर्षं करतो आहे. प्रमाणं, खांदे आणि कंबर यांचे उलटसुलट कल, वजन कुठल्या पायावर आहे, हे सगळं हाताला सवयीचं झालं आहे. आता तेच तैलरंगात करायला घेतलं आणि एकाच जागी अडतो आहे.

उजेडातला भाग बरा येतो, गडद सावलीही पटते. पण दोहोंच्या मधला पट्टा, म्हणजे बरगड्यांवरून पोटाकडे जाताना किंवा मांडीच्या आतल्या अंगाला उजेड ओसरतो ती जागा, तिथे त्वचा मेल्यासारखी दिसते. उजेडाच्या रंगात काळा घालून उतरवला की हिरवट करडा होतो. सावलीच्या रंगात पांढरा घालून चढवला की पीठ फासल्यासारखा. दोन्ही कॅनव्हासवरच ब्रशने एकमेकांत ओढले तर गढूळ.

मॉडेल उभी आहे, वजन उजव्या पायावर. एका बाजूच्या खिडकीतून दिवसाचा उजेड येतो, ऊन थेट पडत नाही. पॅलेटवर टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (निळा) आणि आयव्हरी ब्लॅक. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंगवतो.

ही मधली छटा पॅलेटवर स्वतंत्र रंग म्हणून मिसळायची की खालच्या थरातून येऊ द्यायची? आणि दुसरं, विश्रांतीनंतर मॉडेल परत उभी राहते तेव्हा कंबर थोडी सरकलेली असते. दर वेळी चित्र बदलायचं का?

पोटाच्या एवढ्याशा भागात लालसर, पिवळट, निळसर असं सगळं एकाच वेळी दिसत असतं. ते उतरवता यावं ही फार इच्छा आहे, म्हणून कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

हिरवट का होतं ते आधी सांगतो. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की निळ्याकडे झुकतो. तुमच्या उजेडाच्या रंगात यलो ऑकर आहे. निळसर काळा आणि पिवळा म्हणजे हिरवाच. स्वीडिश चित्रकार आंदेर्स झोर्न (१८६०–१९२०) पांढरा, ऑकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा एवढ्यावर माणसं रंगवण्यासाठी ओळखला जातो. त्याच्याकडे निळ्याचं काम हा काळाच करायचा. काळा टाकून देऊ नका, त्याच्या जोडीला लाल वाढवा.

उजेडात त्वचेवर प्रकाशाचा रंग चढतो आणि सावलीत तिचा स्वतःचा रंग बुडतो. तो सगळ्यात स्पष्ट दिसतो तो मधल्या पट्ट्यातच. म्हणून ही छटा म्हणजे उजेड आणि सावलीची सरासरी समजू नका. ऑकर, लाल आणि किंचित अल्ट्रामरीन घेऊन ती वेगळी मिसळा, पांढरा शेवटी आणि जपून. टायटॅनियम व्हाइट फार जोरकस असतो, थोडा जास्त पडला तरी रंगातली ऊब जाते. तुमचा उजेड थंड आहे, तेव्हा सावल्या तुलनेने उबदार ठेवा.

आता थरांचं. पांढरा कॅनव्हास सोडा, हे मी आग्रहाने सांगेन. पांढऱ्याशेजारी प्रत्येक मधली छटा आहे त्यापेक्षा गडद भासते आणि आपण ती नकळत फिकी करत जातो. रॉ अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी करडा-तपकिरी हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग उजेडाचा रंग सावलीच्या कडेकडे नेताना पातळ, जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढा. गडदावर फिका, अर्धपारदर्शक थर आला की तो आपोआप निळसर दिसतो. तो निळा पॅलेटवर मिसळावा लागत नाही. फ्लेमिश चित्रकार रुबेन्सच्या (१५७७–१६४०) तैलरंगातल्या कच्च्या आराखड्यांमध्ये खालचा करडा-तपकिरी हात मधल्या छटांमध्ये तसाच उघडा राहिलेला दिसतो. शक्य असेल तिथे मूळ चित्र जवळून पाहा, छापील चित्रात हे हरवतं.

तेव्हा उत्तर दोन्ही. लालसर आणि पिवळट पॅलेटवरून, निळसर थरांतून.

प्रतिसाद २

पोजबद्दल. मॉडेलला विचारून पावलांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. नजर कुठल्या वस्तूवर आहे तेही लिहून ठेवा. ओळंबा टांगा: वजन एका पायावर असेल तर गळ्याखालचा खळगा साधारण त्याच पायाच्या टाचेवर येतो. परत उभं राहिल्यावर एवढं तपासलं तरी पुरतं.

पहिल्या काही मिनिटांत शरीर खाली बसतं, कंबर एका बाजूला उतरते. रेखांकन त्या बसलेल्या स्थितीचंच करा आणि मग ते बदलू नका. पुढे फक्त रंग पाहा. एका पायावर वजन ठेवून उभं राहणं फार कष्टाचं असतं. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती द्याच, पाय बधिर होतो आहे असं तिने म्हटलं तर त्याआधीही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काळ्याचं कारण आता लक्षात आलं. अजून एक विचारतो: पुढच्या बैठकीला काही भाग वाळलेला असतो, काही चिकट, आणि गडद जागा चकाकी जाऊन मॅट पडतात आणि फिक्या दिसतात. अशा वेळी छटा जुळवायची कशी?

प्रतिसाद १

तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि प्रत्येक रंगाचा वेग वेगळा. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियम रेड रेंगाळतात. म्हणून खालच्या थरात अंबर, तेल कमीत कमी. वरच्या थरांत तेल वाढवत न्या. उलट केलं तर वरचा थर पुढे तडकतो. चिकट जागेवर त्या दिवशी ब्रश लावू नका, तिथेच सगळं गढूळ होतं.

मॅट पडलेला भाग स्पर्शाला कोरडा असेल तर त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळा आणि मऊ कापडाने जवळजवळ सगळा पुसून घ्या. मूळ गडदपणा परत दिसतो, मग नवी छटा त्याच्याशी जुळवा. तेलाचं कापड चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर उघड्यावर पसरून वाळवा.