मदत हवी आहे: गोव्यात जपानी रेस्टॉरंट, सोबत सासरे, आणि वार सोमवार

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

लेकीचं लग्न ठरायच्या बेतात आहे. मुलाकडचे मुंबईचे, आठवडाभर गोव्यात उतरलेत आणि येत्या सोमवारी रात्री त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलंय. एका बड्या हॉटेलातलं 'मॉडर्न जॅपनीज फ्यूजन' रेस्टॉरंट आहे. आम्ही वेंगुर्ल्याचे. मी, नवरा, लेक आणि आबा, म्हणजे माझे सासरे. वय पंच्याहत्तर, साखर आहे, उभा जन्म रापणीत गेलेला. माशाचे कल्ले उघडून तो पहाटेचा की कालचा ते सांगतात आणि चुकत नाहीत.

विहीणबाईंनी व्हॉट्सअॅपवर मेन्यू पाठवला. लेकीने वाचून दाखवला. 'यलोटेल जॅलपीनो' म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप, हे कळल्यावर आबा जरा वेळ गप्प बसले. मला वाटलं आता "ईऽऽ" करतील. तर म्हणाले, "कच्चो तर कच्चो. पण गे, जूनात ताजो मासो खयसून येतलो?"

मला उत्तर देता आलं नाही. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या. मग हे लोक कच्चं खायला घालतात ते कुठलं?

त्यात आबा सोमवार पाळतात. मासे-मटण काही नाही, अंडंही नाही. तारीख बदलून मागणं शक्य नाही, मुलाचं मंगळवारी विमान आहे. तर त्यांनी तिथे खायचं काय? मिसो सूप, टोफू वगैरे शाकाहारीच ना? आणि आम्ही बाकीच्यांनी काय मागवावं, म्हणजे हसंही होणार नाही आणि उपाशीही परत येणार नाही? ओमाकासे असं एक आहे, त्याच्यापुढे किंमत सोडून काही लिहिलेलं नाही. त्या पैशांत पाटीभर सुरमई आली असती, हे मी फक्त इथे बोलतेय. काड्यांनी खायची सवय घरात कोणालाच नाही.

रात्रपाळी: हॉटेलच्या किचनमध्ये बारा वर्षं काढलीत, म्हणून लिहितो. तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तर: फ्रीझरमधून. आणि तसाच यायला हवा. समुद्रातल्या बऱ्याच माशांत बारीक जंत असतात. आपण कालवण उकळतो तेव्हा ते मरतात. कच्चं द्यायचं तर गोठवून मारावे लागतात. अमेरिकेतला नियम उणे २० अंशांना सात दिवस, किंवा उणे ३५ ला कडक गोठवून त्याच तापमानात पंधरा तास. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हे होत नाही, त्यामुळे कोणी घरी सुशी (भातावर कच्चा मासा) करायला जाऊ नका. म्हणजे तिथला 'ताजा' आणि तुमच्या जेट्टीवरचा ताजा हे दोन वेगळे शब्द आहेत.

दुसरं, गोठवल्याने सगळंच सुटत नाही. बांगडा, कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, ते हेच. ते ना गोठवून जातं ना शिजवून. जीभ चुरचुरली तर तो घास गिळायचा नाही. पंच्याहत्तरी आणि मधुमेह असताना मी तर कच्चं देणारच नाही, वार कुठलाही असो.

टोकियो_ते_तळेरे: मिसो सूपला हात लावू देऊ नका! मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, ते शाकाहारी, पण सूप नाही. बहुतेक जपानी रश्शांचा पाया 'दाशी', आणि नेहमीची दाशी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळात कात्सुओबुशी घालून काढतात. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा टणक होईपर्यंत सुकवलेला. रंध्यासारख्या पात्यावर किसतात, तो कीस म्हणजे बोनितो फ्लेक्स. रश्शात तुकडा दिसत नाही, म्हणून वेटर बिनधास्त 'व्हेज' सांगतो. टोफूवरचा रस्सा, टेम्पुऱ्याची चटणी, पोंझू (सोया आणि लिंबाचं सॉस), सगळीकडे ती असू शकते.

आदल्या दिवशी फोन करा आणि नुसतं 'व्हेज' म्हणू नका. 'दाशी, बोनितो फ्लेक्स, फिश सॉस, अंडं चालणार नाही' असं एकेक नाव घेऊन सांगा. कोंबू आणि सुक्या शिताके अळंब्यांची दाशी असते, चांगल्या ठिकाणी सांगितलं तर करतात. बाकी काकडीचा किंवा अॅव्होकाडोचा रोल, एडामामे (सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, उकडून मीठ लावलेल्या) आणि मिसो लावून भाजलेलं वांगं. वांग्याला फक्त साखर असते, तेवढं बघा. भाज्यांचा टेम्पुरा बिनअंड्याच्या पिठाचा असेल तर उत्तम. तो मुळात जपानी नव्हेच, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तिकडे पोचला. आबांना भजी म्हणूनच सांगा.

आणि सुशी हाताने खाल्लेली चालते, जपानमध्येही. भाताकडून नव्हे, माशाकडून सोयात टेकवायची. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात ते मृताला ठेवतात. हे आबांना समजावून सांगावं लागणार नाही.

तिरफळ: सोमवारी पाण्यात सुकट बुडवून बाहेर काढली तर चालते का, एवढाच प्रश्न आहे.

(धागाकर्ती): @तिरफळ, विचारलं. "वास इलो की सोमवार मोडलो." विषय संपला.

कोकमसरबत: फ्यूजनला घाबरू नका, आपल्या जिभेला तेच सोपं. तो यलोटेल-जॅलपीनो नोबू मात्सुहिसाचा. हा माणूस जपानमधून १९७० च्या दशकात पेरूला गेला, तिथे मिरची, लिंबू, कोथिंबीर कच्च्या माशाला लावायला शिकला आणि १९८७ मध्ये अमेरिकेत स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. त्याचाच मिसो लावलेला ब्लॅक कॉड मासा आता जगभर नकलतात. मेन्यूवर असेल तर तुम्ही तो मागवा. पूर्ण शिजलेला, गोडसर, तोंडात पाकळ्या सुटतात. ओमाकासे म्हणजे 'तुम्हीच ठरवा' असं शेफला सांगणं. पहिल्या भेटीत आणि सोमवारी नको. ताटल्या जशा होतील तशा मधे येतात, सगळ्यांनी वाटून घ्यायच्या. उष्ट्याचं वाटत असेल तर वाढायला वेगळा चमचा मागा, कोणी हसत नाही.

हिशेबी: बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर तो देणं सक्तीचं नाही. जुलै २०२२ ची ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

(धागाकर्ती): @हिशेबी, बिल व्याही देणार आहेत. मी त्यावरून वाद घातला तर लेक कायमची माझ्याकडेच.

(धागाकर्ती), मंगळवार: सगळ्यांचे आभार. फोन केला होता. पहिल्याने उचलला तो "येस येस, व्हेज" म्हणाला. दाशीचं नाव घेतल्यावर थांबला आणि शेफला बोलावलं. आबांना शिताकेचं सूप वेगळं करून दिलं. त्यांनी आधी वाटी नाकाशी नेली, चांगली मिनिटभर. मग प्यायले. वांगं दोनदा मागवलं. काकडीचा रोल हाताने खाल्ला, आणि ते बघून व्याह्यांनीही काड्या खाली ठेवल्या. मला ते फार बरं वाटलं. ब्लॅक कॉड मात्र माझ्या जिभेला फारच गोड, कोकम हवं होतं त्याला.

शेवटी शेफ टेबलाशी आला तेव्हा आबांनी लेकीला मध्ये घालून विचारलंच, मासा कुठला. त्याने न लपवता सांगितलं, गोठवलेला आणि बाहेरून आलेला. आबा मला हळूच म्हणाले, "बर्फातलो मासो आमी कोणाक इकूक नाय कधी." पण मग शेफने इकेजिमे सांगितलं. मासा पकडल्या पकडल्या मेंदूत टोचून मारायचा, रक्त काढायचं, कण्यातून तार घालायची, म्हणजे तो तडफडत नाही आणि मांस उशिरा ताठतं. आबा खुर्चीत पुढे सरकले. तार किती जाड, खालून घालतात की वरून, बांगड्याला जमतं का, अर्धा तास चाललं होतं. विहीणबाई घड्याळ बघत होत्या.

लग्नाचं ठरलं, पुढचं जेवण आमच्याकडे. पण आता नवीन अडचण. १ ऑगस्टला होड्या सुटायच्या आत आबांना ती तार हवी आहे. इकेजिमेचा नीट दिसणारा व्हिडिओ कोणाकडे असेल तर द्या, आणि तार कसली वापरतात तेही सांगा. ते सकाळपासून सायकलच्या ब्रेकची वायर सोलत बसलेत.