उत्तर: बॉबीचा विश्वासघात नेमका कोणता?

डेव्हिड मॅमेटच्या 'अमेरिकन बफेलो' या नाटकात भंगारवाला डॉन, त्याच्या हाताखालचा पोरगा बॉबी आणि डॉनचा मित्र टीच यांच्यात एका माणसाचं जुनं नाणं चोरायचा बेत शिजतो. त्यात दगा देतो तो बॉबी, कारण तो त्यांचा मित्र फ्लेचर याच्याबद्दल खोटं बोलतो, असं एक म्हणणं आहे; ते मला पटत नाही. फ्लेचर खरंच मार खाऊन, जबडा मोडून पडलेला असतो. बॉबी फक्त हॉस्पिटलचं नाव चुकतो. तो सांगतो मॅसोनिक, डॉन तिथे फोन लावतो, असा कोणी पेशंट नाही असं उत्तर येतं, आणि बॉबी फसवतोय असं समजून टीच त्या पोराच्या डोक्यात वस्तू हाणतो. थोड्या वेळाने त्यांच्या ओळखीच्या रूथीचा फोन येतो, तेव्हा कळतं की फ्लेचर कोलंबस हॉस्पिटलमध्ये आहे. बॉबीचं खोटं वेगळं आहे. ज्याचं नाणं चोरायचं तो माणूस बॅग घेऊन निघाला, हे त्याने पाहिलेलंच नसतं. तेही तो डॉनला खूश करायला बोलतो, आणि बफेलो (बायसन) छापलेलं, तसलंच दुसरं नाणं आणतो तेही त्याच्याचसाठी. माझ्या मते पहिला दगा डॉनचा, टीचच्या दोन गोष्टी ऐकून पहिल्या अंकातच पोराला चोरीच्या कामातून वगळतो तेव्हाचा.

प्रयोगात हे हमखास निसटतं ते फोनमुळे. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही, सगळा भार डॉनच्या तुटक वाक्यांवर. नट घाईत असला की दोन हॉस्पिटलांची नावं एकमेकांत मिसळतात आणि प्रेक्षक शेवटपर्यंत बॉबीलाच खोटारडा समजतो. पहिल्या फोननंतर रिसीव्हर ठेवून एक पूर्ण श्वास थांबायचं, टीचने तोवर जागचं हलायचं नाही. दुसऱ्या वेळी 'कोलंबस' स्वच्छ उच्चारायचं, आणि तेव्हा कानातून रक्त येत असलेला बॉबी दिसलाच पाहिजे. काही दिग्दर्शक नेमकं तेव्हाच त्याला भंगाराच्या ढिगामागे बसवतात.