मदत हवी आहे : आईचे गुडघ्याचे ऑपरेशन आणि दोन पिशव्या रक्त

कृष्णाकाठ, सांगली :
येत्या गुरुवारी मिरजेत आईचा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. हिमोग्लोबिन ९.८ आल्यामुळे दोन पिशव्या रक्ताची सोय करायला सांगितले आहे. बाहेरचे रक्त न देता हे होणार नाही का? कृपया लवकर सांगावे.

परिचारिका२२ :
वय किती? कोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्त पातळ करणारी एखादी आहे का?

हळदपेठ :
बीट, खजूर आणि गूळ द्या. आमच्या सासूबाईंचे हिमोग्लोबिन दोन महिन्यांत वाढले.

परिचारिका२२ :
दोन महिने आणि गुरुवार यांचा मेळ बसत नाही.

माणदेशी :
रक्तदात्याचे वय १८ ते ६५ आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते. माझा गट ओ पॉझिटिव्ह आहे, मी येईन.

कृष्णाकाठ :
वय ६८, रक्तदाबाची गोळी आहे. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) बसवल्यापासून एक गुलाबी गोळीही आहे, पण ती हृदयाची म्हणून लिहिली नव्हती. परवा विळीवर बोट कापले, तेव्हा अर्धा तास फडके दाबून धरावे लागले.

निवृत्त भूलतज्ज्ञ :
हे आधी कळायला हवे होते. रक्तवाहिनी कापली की ती आकसते, तेथे प्लेटलेट्स (रक्तातील बारीक कणिका) चिकटून बूच बसते आणि त्यावर फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे विणले जाऊन गुठळी पक्की होते. ती गोळी क्लोपिडोग्रेल, म्हणजे प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू न देणारी, असेल तर हे बूचच कच्चे राहते. प्लेटलेटचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असल्यामुळे आज गोळी थांबवून उद्या परिणाम जात नाही; शस्त्रक्रियेपूर्वी ती साधारण ५ दिवस आधी बंद करतात.

हळदपेठ :
मग आजच बंद करा. माझ्या दिरांनी स्वतःच सगळ्या बंद केल्या होत्या, काही झाले नाही.

निवृत्त भूलतज्ज्ञ :
कृपया असे सांगू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जाऊ शकतो, म्हणून तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचाच. कृष्णाकाठ, ही शस्त्रक्रिया तातडीची नाही, तारीख पुढे घेण्याविषयी विचारा. फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. लोह कमी असेल तर शिरेतून देता येते. गुठळी लवकर विरघळू न देणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडही शस्त्रक्रियेच्या वेळी देतात, मात्र स्टेंट आहे हे तुमच्या भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. इतके करूनही पिशव्या राखून ठेवाव्यातच.

कृष्णाकाठ :
पाकिटावर क्लोपिडोग्रेल ७५ लिहिले आहे. गोळी चालू ठेवली असून उद्या सकाळी पाकीट घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे जात आहे.