'सर्क्युलर इकॉनॉमी'ला मराठीत काय म्हणावं? पुनर्वापर, फेरप्रक्रिया, मोड, भंगार

धागाकर्ती:
आमच्या भागातल्या सोसायट्यांसाठी कचऱ्यावर एक मराठी पुस्तिका लिहिते आहे. 'सर्क्युलर इकॉनॉमी'पाशी येऊन अडले. 'चक्रीय अर्थव्यवस्था' आणि 'वर्तुळाकार अर्थव्यवस्था' दोन्ही छापून येतं. 'रीसायकलिंग'ला कुणी पुनर्वापर म्हणतं, कुणी पुनर्चक्रीकरण, कुणी पुनर्प्रक्रिया. पुस्तिका शाळेतली मुलं वाचतील, आजी-आजोबा वाचतील आणि घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या मावश्याही. सगळ्यांना कळेल असं काय लिहावं?

नागपूरहून:
'चक्रीय' अर्थशास्त्रात आधीच दुसऱ्या कामाला लागलाय. मंदीच्या फेऱ्यात नोकऱ्या जातात तिला चक्रीय बेरोजगारी म्हणतात. म्हणजे वाणिज्य शिकलेल्याला आधी तेजी-मंदीच आठवणार. 'वर्तुळाकार' नुसता आकार सांगतो. दोन्हींत मी 'चक्रीय'च घेईन, कारण तो जास्त रुळलाय. फक्त पहिल्यांदा येईल तिथे उलगडून सांगा: वस्तू शक्य तितकी वापरायची, दुरुस्त करायची, दुसऱ्याला द्यायची आणि अगदीच निकामी झाली की तिच्यातला माल पुन्हा कारखान्यात जाऊ द्यायचा.

'पुनर्चक्रीकरण' नको. 'पुनर्'पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं की र् टिकतो: पुनर्जन्म, पुनर्विचार. कठोर व्यंजनापुढे तो टिकत नाही, म्हणून पुनश्च, पुनःप्राप्ती. या हिशेबाने 'पुनश्चक्रीकरण' आणि 'पुनःप्रक्रिया' व्हायला हवं, आणि ते तर कुणाच्याच तोंडी बसणार नाही. त्यापेक्षा आपला 'फेर' घ्या. फेरविचार, फेरतपासणी, फेरमतदान, तशी फेरप्रक्रिया.

पुण्याहून:
फेरप्रक्रियेला माझं अनुमोदन. पण ताई, एक कळकळीची विनंती: पुनर्वापर आणि फेरप्रक्रिया हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. सोड्याची काचेची बाटली धुऊन परत भरली तर तो पुनर्वापर. तीच फुटली आणि काच भट्टीत वितळवून नवी बाटली केली, तर ती फेरप्रक्रिया. दुसऱ्या वाटेला भट्टीचं इंधन जास्तीचं लागतं, म्हणून ती नंतरची. प्लास्टिकचं तर आणखी अवघड. पाण्याची बाटली बऱ्याचदा पुन्हा बाटली होतच नाही. तिचे तुकडे वितळवून पॉलिएस्टरचा धागा काढतात आणि त्याचं कापड फाटलं की पुढे त्याला फारशी वाट उरत नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते हातातही धरत नाही. हे सगळं 'पुनर्वापर' या एकाच शब्दाखाली गेलं, तर डब्यात टाकलं की काम झालं असंच लोकांना वाटत राहील.

आणि 'कचरेवाली' हा शब्द पुस्तिकेत कुठेही येऊ देऊ नका. कचरावेचक म्हणा. आपण फुलं वेचतो, कापूस वेचतो. वेचण्यात नजर लागते, पारख लागते. पुण्यात १९९३ साली या लोकांची संघटना उभी राहिली, तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्या नावात 'कचरा' हा शब्द नाही. ज्याला भाव येतो त्या मालाची नावं आहेत आणि कष्टाचं नाव आहे. इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या कुठल्या संघटनेचं ऐकलेलं नाही. पुढे 'स्वच्छ' ही वेचकांचीच सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. घरं महिन्याला शुल्क देतात आणि सुका माल निवडून विकण्याचा हक्क वेचकांकडे राहतो. म्हणून 'ओला-सुका वेगळा ठेवा' याच्या शेजारी कारणही लिहा: आमटीने भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही, आणि तो तोटा थेट त्या मावशींचा असतो.

मुंबईहून:
जुने शब्द विसरू नका. सोन्याची किंवा पितळेच्या भांड्यांची 'मोड' घालून नवं घेणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. आरेच्या दुधाची रिकामी काचेची बाटली केंद्रावर परत जायची. बाटलीसाठी आधी भरून ठेवायच्या पैशांना 'अनामत' हा चांगला शब्द आहे. 'डिपॉझिट रिफंड' लिहू नका. आजी-आजोबांना पहिल्या वाक्यात कळेल.

धागाकर्ती:
खूप आभार. मोड आणि अनामत नक्की घेते. शाळांसाठी 'टाकाऊपासून टिकाऊ' असं पान ठेवू का?

पुण्याहून:
ठेवा, पण बाटलीला चमकी आणि थर्माकोल चिकटवून पेनस्टँड करायला सांगू नका. ती बाटली मग भंगारातही जात नाही. त्यापेक्षा गोधडी, कापडी पिशवी, सायकलची दुरुस्ती दाखवा. बटण लावायला शिकवलंत तरी चालेल.

धागाकर्ती:
बरोबर. शेवटचा प्रश्न. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. 'घातक' वाचून लोक घाबरतील का? आणि डायपर, सॅनिटरी पॅडला काय म्हणू?

पुण्याहून:
'घातक' राहू द्या, फक्त पुढे नावं लिहा: रंगाचे डबे, कीटकनाशकाच्या बाटल्या, सेल, मुदत संपलेली औषधं. डायपर आणि पॅडला 'सॅनिटरी कचरा'च म्हणा, तो रुळलेला आहे. ते वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायचे, म्हणजे वेचकांना पुडी उघडून बघावी लागत नाही. पुण्यात याला 'लाल ठिपका' म्हणूनच ओळखतात. तुमच्या पुस्तिकेत त्या ओळीशेजारी ठिपका लाल शाईतच छापून घ्या.