लोककथा-परीकथांसाठी वाचनगटाला पुस्तकं कोणती घ्यावीत?

मुलुंडचा_कट्टा

मुलुंड पूर्वेला आमचा वाचनगट आहे. चौदा-पंधरा जण, वयं तिशीपासून सत्तरीपर्यंत, महिन्यातला एक रविवार, दोन तास. कादंबऱ्या, आत्मचरित्रं बरीच झाली. जूनपासून सहा महिने लोककथा आणि परीकथा घ्यायचं ठरलंय आणि पुस्तकांपाशी येऊन सगळं अडलंय. दुकानात जावं तर हा सगळा माल मुलांच्या कप्प्यात, मोठा टाइप आणि रंगीत चित्रं. अभ्यासकांची पुस्तकं दिली तर निम्मा गट पहिल्याच प्रकरणात गळणार. सात-आठ जणांना इंग्रजी सहज वाचवत नाही. दर महिन्याला प्रत्येकाने पुस्तक विकत घ्यावं असंही म्हणता येत नाही.

ग्रिम बंधूंच्या जर्मन परीकथा घ्यायच्या तर कुठलं पुस्तक? आपल्याकडचं काय घ्यावं? महिन्याला अख्खं पुस्तक द्यावं की निवडक गोष्टी?

आटपाटनगरी

अख्खं पुस्तक अजिबात देऊ नका. कथासंग्रह सलग वाचला की दहाव्या गोष्टीपासून सगळे राजे आणि सगळ्या सावत्र आया एकसारख्या वाटू लागतात, आणि रविवारी कोणाला काही आठवत नाही. दोन तासांना तीन गोष्टी भरपूर होतात. त्यातल्या निदान दोन एकाच कुळातल्या, म्हणजे एकाच नमुन्याच्या, असाव्यात. आधी गोष्टी ठरवा, मग त्या कुठल्या पुस्तकात चांगल्या मिळतात ते बघा.

कुळ शोधायला एक सोय आहे. अभ्यासकांनी जगभरच्या कथांना नमुन्यानुसार क्रमांक दिलेत. आर्ने, थॉम्पसन आणि उथर या तिघांच्या नावावरून त्याला एटीयू म्हणतात. उथर यांची सुधारित सूची २००४ची. सिंड्रेला ५१० ए, लाल टोपीवाली ३३३, राक्षसाचा जीव भलतीकडेच ठेवलेला असतो ती ३०२. चांगल्या संग्रहात मागच्या टिपांमध्ये हे आकडे असतात. तो आकडा टाकून शोधलं की दुसऱ्या देशातली चुलत बहीण सापडते.

माझ्या मते पहिली बैठक सिंड्रेलाची ठेवा, कारण ‘ही माहीत आहे’ असं म्हणतच सगळे येतील. पेरो या फ्रेंच लेखकाची १६९७ची कथा घ्या: भोपळ्याची गाडी, काचेची चप्पल, परी सगळं त्यातलं. शेजारी ग्रिम यांची घ्या, क्रमांक २१. तिच्यात परी नाही. आईच्या थडग्यावर लावलेलं झाड आहे, चप्पल पायात बसावी म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, आणि शेवटी कबुतरं त्यांचे डोळे फोडतात. तिसरी आपल्या दाराशीच आहे. साष्टी बेटावरच्या, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या आणि ठाण्याच्या भागातल्या ख्रिस्ती घरांतून गोळा केलेल्या कथा डी’पेन्हा यांनी १८८७ पासून ‘इंडियन अँटिक्वेरी’ या इंग्रजी नियतकालिकात छापल्या. त्यातली ‘बापखादी’ याच कुळातली. तुम्ही मुलुंडचे, म्हणजे तुम्हीही साष्टीतच!

दुसरी बैठक: जीव पोपटात. मेरी फ्रियर यांच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’मध्ये (१८६८) पंचकिन नावाचा जादूगार आहे. त्याचा जीव दूर जंगलात, पाण्याच्या सहा घड्यांच्या उतरंडीखालच्या पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. सोबत अफनास्येव यांच्या रशियन संग्रहातला कोश्चेई ठेवा. त्याचं मरण सुईच्या टोकाला, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत. दोन्ही गोष्टी ऐकल्यावर ‘एवढ्या लांबून ही कल्पना इकडे आली की तिकडे गेली’ यावर तासभर सहज जातो. ‘ओल्ड डेक्कन डेज’ घेतलंत तर गोष्टींआधीचं, त्या सांगणाऱ्या आयेचं, म्हणजे फ्रियर यांच्याकडे कामाला असलेल्या बाईचं, निवेदनही वाचा. अॅना लिबराटा डिसूझा तिचं नाव. ती स्वतःच्या आजीबद्दल आणि आयुष्याबद्दल बोलते, ते कित्येक गोष्टींपेक्षा सरस आहे.

आणि घरून वाचून या असं सांगितलं तरी निदान एक गोष्ट बैठकीत मोठ्याने वाचा. मिनिटाला साधारण ११०-१२० शब्द होतात, म्हणजे दीड हजार शब्दांना तेरा-चौदा मिनिटं. अडीच हजारांच्या वर गेलात की मागच्या रांगेत मोबाइल बाहेर येतात.

पुस्तक_उलटून_बघा

कुठलं ग्रिम, याचं उत्तर देतो. पहिल्या आवृत्तीचे दोन खंड १८१२ आणि १८१५चे. शेवटची, सातवी आवृत्ती १८५७ची. तिच्यात २०० कथा आणि १० धर्मकथा. मधल्या काळात धाकट्या भावाने, विल्हेल्मने, बरीच डागडुजी केली. १८१२मध्ये हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीपासून ती सावत्र झाली. रापुंझेल पहिल्या आवृत्तीत सहज विचारून जाते की माझे कपडे घट्ट का होताहेत, आणि चेटकिणीच्या लक्षात येतं. पुढच्या आवृत्त्यांत तिचं गरोदरपण असं उघड करणारं वाक्य गेलं. मोठ्यांच्या गटासाठी गोष्टीची ही दोन रूपं समोरासमोर ठेवण्यात खरी मजा आहे. पहिल्या आवृत्तीचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जॅक झाइप्स यांनी २०१४मध्ये केलंय.

मराठीत ‘ग्रिमच्या परीकथा’ म्हणून जे मिळतं त्यात मूळ कुठलं घेतलं ते बहुतेकदा छापलेलंच नसतं. मग दुकानात उभ्या उभ्या एक परीक्षा घ्या. ‘बेडूक राजा’ उघडा. ग्रिमकडे राजकन्या बेडकाला उचलून भिंतीवर आपटते, तेव्हा त्याचा राजपुत्र होतो. पुस्तकात तिने त्याचा पापा घेतला असेल तर पुस्तक परत ठेवा. त्याच सोवळ्या हाताने बाकीच्या गोष्टीही धुतलेल्या असतात.

देशी संग्रहालाही असंच तपासा. प्रस्तावनेत गोष्ट कोणी सांगितली, कुठल्या भागात, कोणत्या भाषेत ऐकली, कोणी लिहून घेतली, हे आहे का? एवढं असेल तर छपाई खराब असली तरी घ्या. नुसतं ‘लोककथांवर आधारित’ आणि प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य असेल, तर चर्चेला काही उरत नाही. तात्पर्य छापून आल्यावर माणूस बोलणार काय?

अँडरसन या डॅनिश लेखकाला या सहा महिन्यांत आणू नका, असं माझं मत. त्याच्या बऱ्याचशा कथा त्याने स्वतः रचलेल्या आहेत, त्यांची अशी वेगवेगळी रूपं नाहीत. तिथे चर्चा लेखकावर जाते. तो वेगळा महिना.

श्रावणसरी

आपल्याकडचं म्हणून चातुर्मासातल्या कहाण्या कोणीच सुचवल्या नाहीत याचं नवल वाटलं. छोटी पुस्तिका दादरला पूजासाहित्याच्या दुकानातही मिळते, सगळ्यांना परवडते, आणि भाषा कानाला लागलीच आहे. कहाणी पाच-सात मिनिटांत वाचून होते. दिव्यांच्या अवसेची घ्या: सून घरातला पदार्थ खाते, आळ उंदरांवर घालते, उंदीर तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात आणि तिला घराबाहेर काढलं जातं. पुढे अवसेच्या रात्री गावचे दिवे झाडावर जमून आपापल्या घरच्या गोष्टी बोलतात, आणि खरं काय ते बाहेर येतं. खुलभर दुधाची तर राजसत्तेवरच आहे. सक्तीने ओतलेल्या गावच्या दुधाने गाभारा भरत नाही; मुलंबाळं, वासरं यांना पोटभर पाजून उरलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधाने भरतो.

पुस्तक_उलटून_बघा

कहाण्या उत्तम, पण पहिल्याच बैठकीला नकोत. निम्मे लोक त्यांच्याकडे व्रत म्हणून बघतात आणि चर्चा ‘मानायचं की नाही’ यावर घसरते. एकदा तसं झालं की सांभाळणं कठीण.

आटपाटनगरी

घसरते हे खरं, पण त्यावर उपाय आहे. कहाणी तिसऱ्या-चौथ्या बैठकीला घ्या, म्हणजे तोवर कुळं जुळवायची सवय झालेली असते. दुसरं, चर्चेचा पहिला प्रश्न रचनेवरचा ठेवा: इथे शिक्षा कोणाला झाली, कोणत्या चुकीसाठी, आणि सुटका कोणाच्या बोलण्यामुळे झाली? श्रद्धेचा मुद्दा मागाहून आला तर येऊ दे. श्रावणात बैठक येत असेल तर तोच महिना धरा. शिवाय किंकेड यांनी १९१४मध्ये यातल्या २० कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ म्हणून इंग्रजीत आणल्या, चित्रं चित्रकार धुरंधरांची. इंग्रजीत शिकलेली मंडळी गटात असतील तर त्यांच्या हातात ते द्या.

रद्दीतलं_सोनं

मिळवायचं कसं, ते सांगतो.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. मेरी फ्रियर १९११मध्ये गेल्या, किंकेड १९५४मध्ये, म्हणजे ही दोन्ही पुस्तकं मोकळी आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन आहेत, ‘इंडियन अँटिक्वेरी’चे जुने खंडही. हव्या त्या पानांच्या झेरॉक्स काढा. मात्र त्या स्कॅनमधून आपोआप काढलेला मजकूर छापू नका, देशी नावांचा पार चुराडा झालेला असतो. पानाचं चित्रच छापा. ग्रिम मोकळे असले तरी झाइप्स यांचं भाषांतर मोकळं नाही. दुर्गा भागवत २००२मध्ये गेल्या, तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, प्रती मिळवा.

दुर्गाबाईंचं मात्र सोडू नका. निरनिराळ्या प्रांतांच्या लोककथांची त्यांची छोटी पुस्तकं आणि ‘साष्टीच्या गोष्टी’ जुन्या बाजारात दिसली की उचला. माटुंग्याला किंग्ज सर्कलचा फुटपाथ, फोर्टात फाउंटनजवळ, ही नेहमीची ठिकाणं. ग्रंथालयात बघायचं तर दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. त्याच रस्त्यावर साहित्य अकादमीचं कार्यालय आहे, तिथेही चौकशी करा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं फुकट उतरवता येतात.

पंधरा जणांना पंधरा प्रती लागत नाहीत. पाच प्रती, तिघांत एक, आठ-आठ दिवसांची पाळी. पाळी मोडते ती दुसऱ्या माणसापाशी, म्हणून पहिली प्रत बैठकीच्या दिवशीच हातात पडायला हवी.

मुलुंडचा_कट्टा

सगळ्यांचे आभार. बेडकाची परीक्षा आजच घेतो. दोन शंका. इंग्रजी न वाचणाऱ्यांचं काय करायचं? आणि शेवटच्या बैठकीला थोडं मोठं काही घ्यावं असं मनात आहे, ‘कथासरित्सागर’ झेपेल का?

आटपाटनगरी

इंग्रजी गोष्ट वाचून दाखवायची नाही, सांगायची. एकाने ती दोनदा वाचायची, पुस्तक मिटायचं आणि मराठीत दहा मिनिटांत सांगायची. कागद हातात ठेवू देऊ नका, नाहीतर तो भाषांतर करत बसतो. सांगताना काय गळलं हे मूळ वाचलेल्या दुसऱ्या माणसाने मागाहून सांगायचं. गळलेल्या जागांवरच बहुतेक वेळा चांगली चर्चा होते.

‘कथासरित्सागर’ सगळा नको. १८ लंबक म्हणजे भाग, त्यांत १२४ तरंग म्हणजे प्रकरणं, आणि गोष्टीच्या पोटात गोष्ट. आपण कोणाच्या तोंडून ऐकतोय तेच विसरायला होतं. त्यातला वेताळ काढा, तो बाराव्या लंबकात आहे. मराठीत ‘वेताळ पंचविशी’ म्हणून सुटाही मिळतो. मंदारवतीची गोष्ट घ्या. तिच्यासाठी आलेले तिघे तरुण, ती मरते. एक तिच्या राखेवर झोपतो, एक अस्थी गंगेला नेतो, एक भटकत जाऊन जिवंत करण्याचा मंत्र आणतो. ती उठते. बायको कोणाची? वेताळाने प्रश्न विचारला की वाचन तिथेच थांबवायचं, राजाचं उत्तर झाकून ठेवायचं. चिठ्ठ्यांवर मतं घ्या, तोंडी घेतली तर पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळे जातात. मतं मोजून झाली की मग उत्तर वाचा. राजा मंत्रवाल्याला बाप ठरवतो, अस्थी नेणाऱ्याला मुलगा, आणि राखेवर झोपला तो नवरा. यावर भांडण होणारच, तेव्हा ही गोष्ट पहिल्या तासात घ्या. हॉलची वेळ संपताना घेतलीत तर वॉचमन कुलूप घेऊन उभा राहील.